बदकाची पिल्लं घरी काढताना : पाण्याचा हिशोब

कोंबडीची अंडी उबवायची सवय असलेला माणूस बदकाच्या अंड्यांना हात घालतो तेव्हा पहिली फसगत ओलाव्यापाशी होते. तापमान जवळपास तेच, अंडी फिरवणं तेच, दिवस तेवढे २१ ऐवजी २८. पण अंडं मोठं, कवच जाड, त्यावर मेणचट थर, आणि २८ दिवसांत त्यातून ठरावीक पाणी उडून जायलाच हवं. कमी उडालं तर पिल्लू आतल्या आत गुदमरतं, जास्त उडालं तर पापुद्र्याला चिकटून अडकतं. शेवटच्या तीन दिवसांत पूर्ण वाढलेली पिल्लं अंड्यात मरतात, त्यातल्या बहुतेकांचं कारण मला आधीच्या २५ दिवसांतल्या ओलाव्यात सापडतं.

२८ दिवस हे खाकी कॅम्पबेल, पांढरं पेकिन, इंडियन रनर आणि केरळातल्या कुट्टनाडकडच्या चारा, चेंबल्ली या जातींना लागू. कोकणात आणि गोव्यात परसात दिसणारं, तोंडावर लाल गाठी असलेलं बदक म्हणजे मस्कोव्ही. त्याला ३५ दिवस लागतात. मस्कोव्हीची मादी स्वतः उत्तम बसते. तिची अंडी काढून उबवणी यंत्रात घालण्यात काहीच शहाणपण नाही, तिचं तिला करू द्यावं. खाकी कॅम्पबेल आणि पेकिन मात्र सहसा खुडूक होत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप.

दुकानातली खाण्याची अंडी चालत नाहीत, कारण त्या माद्यांत बहुतेकदा नर नसतोच. अंडी देणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: एका नरामागे माद्या किती? पाच-सहा असतील तर फळलेली अंडी मिळतील. ६५ ते ७५ ग्रॅमची, तडा नसलेली, दोन्ही टोकं नीट ओळखू येणारी अंडी घ्यावीत. फार मोठं अंडं दोन बलकांचं निघतं, त्यातून पिल्लू येत नाही. बदक पहाटे अंडं घालतं आणि जागेची फारशी निवड करत नाही. चिखलात, ओल्या तुसात पडलेलं अंडं तासभर तसंच राहिलं की जंतू छिद्रांतून आत शिरतात. म्हणून उजाडताच गोळा करणं हेच खरं स्वच्छतेचं काम. वाळलेली घाण मी कोरड्या खरखरीत फडक्याने किंवा भांडी घासायच्या कोरड्या घासणीने हलकेच काढते. धुवायचंच असेल तर अंड्यापेक्षा किंचित गरम, कोमट पाण्याने झटपट. गार पाण्यात अंडं टाकलं की आतली हवा आकसते आणि बाहेरची घाण आत खेचली जाते.

साठवण १३ ते १६ अंशांना उत्तम होते, पण आपल्या घरात एवढी थंड जागा नसते. फ्रिज फार गार, आणि २१ अंशांच्या वर गर्भ हळूहळू, वेडावाकडा वाढायला लागतो. मे महिन्यात मी ओल्या वाळूत रोवलेल्या रिकाम्या माठात, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात अंडी ठेवते, निमुळतं टोक खाली करून, आणि तीन-चार दिवसांपलीकडे थांबत नाही. हिवाळ्यात आठवडाभर चालतं. कुरियरने आलेली अंडी लगेच यंत्रात घालू नयेत. हादऱ्याने अंड्याच्या रुंद टोकातली हवेची पोकळी सैल होते, म्हणून निमुळतं टोक खाली करून २४ तास स्वस्थ ठेवावीत.

यंत्र विकतचं असो की थर्माकोलच्या खोक्याचं, आत पंखा हवा. पंखा असेल तर ३७.५ अंश सेल्सिअस. पंखा नसेल तर खालच्या आणि वरच्या हवेत बराच फरक पडतो, म्हणून अंड्यांच्या माथ्याशी मोजून ३८.३ ते ३८.६ धरावं. घरगुती खोक्याला डिजिटल थर्मोस्टॅट (ठरलेलं तापमान राखणारा स्विच), ४० वॅटचे दोन बल्ब आणि संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा पुरतो. एकाऐवजी दोन बल्ब एवढ्याचसाठी की एक उडाला तरी दुसरा धग धरून ठेवतो. खाली दोन आणि वर दोन भोकं हवीत. अंड्यातला जीव श्वास घेतो, आणि शेवटच्या आठवड्यात त्याला खूप हवा लागते. थर्मोस्टॅटचा आकडा खरा मानू नये. तापाचा थर्मामीटर त्याच्या सेन्सरला लावून ठेवला की फरक लगेच कळतो. अंडी घालण्याआधी यंत्र २४ तास रिकामं चालवून तापमान स्थिर आहे ना, हे पाहावं.

आर्द्रता मोजायचं स्वस्त यंत्र पाच-दहा टक्के चुकीचं दाखवणं अगदी नेहमीचं. त्याची परीक्षा घरच्या मिठाने होते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते लगद्यासारखं होईल इतपत ओलं करायचं, वर पाणी तरंगता कामा नये. ते झाकण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत बारा तास ठेवायचे. आतली आर्द्रता ७५ टक्के होते. मीटर ६९ दाखवत असेल तर तो सहा टक्के कमी दाखवतो, हे कायमचं लिहून ठेवायचं.

आता मुख्य गोष्ट. पुस्तकात पहिल्या २५ दिवसांसाठी ५५ टक्के आर्द्रता लिहिलेली असते. पण रत्नागिरीच्या जुलैत आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये ती गाठायची तऱ्हा अगदी उलटी आहे. बाहेरची हवा २८ अंश आणि ८५ टक्के दमट असेल, तर तीच हवा ३७.५ अंशांपर्यंत तापल्यावर सुमारे ५० टक्क्यांवर येते. म्हणजे किनाऱ्यावर पावसाळ्यात यंत्रात पाण्याची वाटी ठेवायची गरजच उरत नाही. उलट देशावरच्या उन्हाळ्यात, ३६ अंश आणि २० टक्के कोरड्या खोलीतली हवा आत जाऊन १८-१९ टक्क्यांवर उतरते. तिथे पसरट ताटभर पाणी आणि त्यात उभा केलेला स्पंज लागतो. पाणी किती खोल आहे याने काही होत नाही, पाण्याचा पृष्ठभाग किती आहे यावर ओलावा ठरतो. खोल वाटी भरून ठेवणाऱ्यांना हे लवकर लक्षात येत नाही.

मीटरपेक्षा भरवशाचा साक्षीदार म्हणजे वजनकाटा. २५ व्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १३ टक्के उतरायला हवं. ७० ग्रॅमचं अंडं सातव्या दिवशी ६७.५, चौदाव्या दिवशी ६५, अठराव्या दिवशी ६३.५ आणि पंचविसाव्या दिवशी ६१ ग्रॅमच्या आसपास यावं. दशांश ग्रॅम दाखवणारा लहान काटा घ्यावा, आणि एकेक अंडं न तोलता सगळी मिळून तोलून सरासरी काढली तरी चालतं. मध्येच एखादं काढून टाकलं असेल तर त्याचं पहिलं वजन हिशोबातून वगळायला विसरू नये. वजन कमी उतरत असेल तर पाणी काढून घ्यायचं आणि हवेची भोकं मोठी करायची, फार उतरत असेल तर पाण्याचा पृष्ठभाग वाढवायचा. चौदाव्या दिवशी लक्षात आलेली चूक सुधारता येते, पंचविसाव्या दिवशी हातात फारसं काही राहत नाही. वही आणि काटा या दोन गोष्टींनी माझ्याकडचं निघण्याचं प्रमाण जेवढं सुधारलं, तेवढं महागड्या यंत्रानेही सुधारलं नसतं.

अंडी आडवी ठेवून दिवसातून पाच वेळा, निदान तीन वेळा, अर्धा फेर फिरवायची. फिरवण्याची संख्या विषम ठेवायची, म्हणजे रात्रीचा लांब पल्ला रोज आलटून पालटून वेगळ्या बाजूवर पडतो. एका बाजूला पेन्सिलने फुली, दुसऱ्या बाजूला गोल. मार्करची शाई छिद्रांतून आत जाऊ शकते, ती नको. फिरवलं नाही तर गर्भ वर तरंगून पापुद्र्याला चिकटतो. पहिल्या दहा दिवसांतला आळस इथे सगळ्यात महागात पडतो.

आठव्या दिवसापासून रोज एकदा यंत्र उघडून अंडी दहा ते पंधरा मिनिटं गार होऊ द्यायची. मादी रोज खायला, आंघोळीला उठते आणि ओल्या पिसांनी परत बसते, तीच रीत. अंडं पापणीला लावून पाहायचं, ना गरम ना गार वाटलं की पुरे. मग कोमट पाण्याचा बारीक फवारा मारून झाकण बंद. पावसाळ्यात वजन उतरत नसेल तर फवारा सोडून द्यावा, नुसतं गार करावं.

सातव्या-आठव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरलं की फळलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे हलणारा काळा ठिपका दिसतो. स्वच्छ पिवळं दिसलं तर ते फळलेलंच नाही. शिरांऐवजी लाल कडं दिसलं तर गर्भ सुरुवातीलाच मेला. दोन्ही काढून टाकायची. चौदाव्या दिवशी पुन्हा पाहायचं आणि रोज नाकानेही तपासायचं. वास येणारं, घाम सुटल्यासारखं दिसणारं अंडं हलक्या हाताने बाहेर न्यावं. ते आत फुटलं तर बाकीच्या सगळ्या अंड्यांवर जंतू उडतात, आणि चिखलातून आलेल्या बदकाच्या अंड्यांत हे कोंबडीपेक्षा जास्त घडतं.

वीज गेली म्हणून घाबरून जाऊ नये. दोन-तीन तास गारवा अंडी सहन करतात. पहिल्या दोन आठवड्यांत यंत्रावर गोधडी टाकून झाकण मुळीच उघडायचं नाही. अठराव्या दिवसानंतर गर्भ स्वतःच बरीच ऊब तयार करतो. बंगालकडच्या तुसाच्या जुन्या उबवणी केंद्रांत तर जास्त दिवस उबवलेल्या अंड्यांच्या उबेवर नवी अंडी तापवतात. या दिवसांत गोधडी टाकताना हवेची भोकं मोकळी ठेवावीत. गारव्यापेक्षा उष्णतेची भीती धरावी. ४० अंशांच्या वर काही तास गेले की सगळी अंडी हातची जातात, म्हणून यंत्र खिडकीच्या उन्हात किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये.

पंचविसाव्या दिवशी फिरवणं, गार करणं बंद. टॉर्चमध्ये हवेची पोकळी अंड्याच्या साधारण एक तृतीयांश आणि एका बाजूला कललेली दिसायला हवी. तळाला खरखरीत कापड किंवा प्लास्टिकची जाळी अंथरायची, कारण गुळगुळीत तळावर ओल्या पिल्लाचे पाय फाकतात. आर्द्रता आता ७० ते ७५ टक्के. कोकणातही यावेळी पाणी ठेवावंच लागतं. मग झाकण बंद. आत डोकावण्यासाठी ते उघडलं की क्षणात ओलावा निघून जातो, आणि कवचाला टोचा मारून बसलेल्या पिल्लाभोवतीचा पापुद्रा चामड्यासारखा वाळतो.

आधी पिल्लू आतला पापुद्रा फोडून हवेच्या पोकळीत चोच घालतं. तेव्हा आतून चिवचिव ऐकू येते. मग कवचावर ताऱ्यासारखा पहिला तडा उमटतो. यानंतर कितीतरी तास काहीच घडत नाही, आणि इथेच माणसाचा धीर सुटतो. पण त्या वेळात पिल्लू फुप्फुसाने श्वास घ्यायला शिकत असतं, पापुद्र्यातल्या शिरांतलं रक्त अंगात ओढून घेत असतं आणि उरलेला बलक पोटात घेत असतं. पहिल्या टोच्यापासून बाहेर यायला २४ ते ४८ तास लागतात. मधेच कवच सोलणं म्हणजे जिवंत शिरा फाडणं. मी ४८ तास थांबते. त्यानंतरही प्रगती नसेल, पापुद्रा पिवळट-तपकिरी, कोरडा झाला असेल, तरच कोमट पाण्याने ओला केलेला कापूस त्यावर फिरवून टोच्याच्या आसपासचं कवच नखाएवढं काढते. लाल शीर दिसली किंवा रक्ताचा ठिपका आला की तिथेच थांबून अंडं परत आत. पिल्लाने निमुळत्या टोकाला टोचा मारला असेल तर त्याच्याकडे जास्त लक्ष ठेवावं, कारण तिथे हवेची पोकळी नसते.

७० ग्रॅमच्या अंड्यातून साधारण ४५ ग्रॅमचं पिल्लू येतं. अंग सुकून फुलेपर्यंत त्याला यंत्रातच ठेवावं. पोटात बलक असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी काही खाल्लं नाही तरी बिघडत नाही.

खुडूक कोंबडीखाली बसवायची असतील तर देशी कोंबडी सहा ते आठ बदकाची अंडी झाकू शकते. तिचा स्वभाव २१ दिवसांचा, म्हणून चिवट बसणारीच निवडावी आणि रोज उचलून खायला-प्यायला घालावं. जड अंडी तिला नीट फिरवता येत नाहीत, ती आपण फिरवावी. दुसऱ्या आठवड्यापासून कोमट पाण्याचा हलका शिडकावा करावा, कारण कोंबडी ओली होऊन येत नाही. तिच्या अंगाला आधी लाकडाची राख चोळली की उवांचा त्रास कमी होतो.

पिल्लांसाठी पुठ्ठ्याचं खोकं दोन दिवसांत लगदा होतं, म्हणून प्लास्टिकचा मोठा क्रेट किंवा जुना टब घ्यावा. सुरुवातीला एका पिल्लाला अर्धा चौरस फूट, तिसऱ्या आठवड्यात दीड. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३२ अंश, नंतर दर आठवड्याला तीन अंशांनी कमी. बल्ब एका कोपऱ्यावर लावावा, म्हणजे पिल्लं हवं तिथे सरकतात. ढीग करून ओरडत असतील तर थंडी, चोच उघडी टाकून भिंतीला लागत असतील तर उकाडा. आपल्याकडे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर दिवा लागत नाही, मे महिन्यात तर दिवसा त्याआधीही नाही. वर्तमानपत्र अंथरू नये, पाय घसरून कायमचे फाकतात. पहिले काही दिवस गोणपाट, मग भाताचं तूस.

आणि पुन्हा पाणी. बदकाचं पिल्लू घास घेतं, पाण्यात चोच बुडवतं, पुन्हा घास घेतं. पाण्याशिवाय खाद्य ठेवलं तर ते घशात अडकतं, म्हणून रात्री पाणी काढलं की खाद्यही काढायचं. भांडं नाकपुड्या बुडतील एवढं खोल हवं, नाहीतर नाकाडोळ्यांत खाद्य वाळून बसतं. पण पिल्लू आत उतरू शकेल एवढं रुंद नको. मी भांड्यात गुळगुळीत गोटे ठेवते आणि खाली जाळी घातलेला पसरट ट्रे ठेवते, म्हणजे सांडलेलं पाणी ट्रेत जातं आणि तूस कोरडं राहतं. ओल्या तुसातला अमोनिया डोळ्यांना झोंबला तर पिल्लांना तो कधीचाच झोंबलेला असतो. यंत्रातून आलेल्या पिल्लांना आईच्या पिसांवरचं तेल मिळालेलं नसतं. ती पाण्यात सोडली तर भिजून गारठतात. पहिले दोन आठवडे पोहायला सोडूच नये, नंतर दुपारच्या उन्हात, उथळ पाण्यात, समोर बसून पाच-दहा मिनिटं. पूर्ण पिसं आठव्या आठवड्याच्या सुमारास येतात, मग ती आपलीआपण पाण्याला तयार होतात.

खाद्याबाबत दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. पहिली नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व. बदकाच्या पिल्लाला किलोभर खाद्यात ५५ मिलीग्रॅम नायसिन लागतं. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य त्यांच्या गरजेपुरतं बनवलेलं असतं, आणि ती गरज बरीच कमी. कमतरता झाली की पिल्लं गुडघ्यावर बसतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, चालण्याऐवजी सरपटतात. दिसताक्षणी उपाय केला तर सुधारतात, आठवडा गेला तर नाही. बदकाचं खाद्य मिळत नसेल तर २० टक्के प्रथिनांचं, औषध न मिसळलेलं चिक स्टार्टर घेऊन किलोमागे ५० ते ७५ ग्रॅम ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवण्याचं यीस्ट) मिसळावं. पाव फुगवायचं यीस्ट वेगळं, ते नको. यीस्ट मिळालं नाही तर लिटरभर पाण्यात ३० ते ४० मिलीग्रॅम नायसिन. ते पाणी रोज नवं करावं.

दुसरी गोष्ट बुरशी. बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन या विषाला बदकाची पिल्लं इतकी हळवी असतात की प्रयोगशाळांत ते विष ओळखण्यासाठी त्यांचाच उपयोग केला जाई. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की आणि बदकाची पिल्लं मोठ्या प्रमाणावर मेली, तेव्हा कारण ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत सापडलं आणि त्यातूनच या विषाचा शोध लागला. पावसाळ्यात दमट कोठीत ठेवलेला मका, शेंगदाण्याची पेंड, गाठी झालेला कोंडा यांतला मूठभरही पिल्लांना घालू नये. उकळून किंवा उन्हात वाळवून हे विष जात नाही. मी पावसाळ्यात खाद्य थोडं थोडं आणते आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून वर ठेवते.

तिसऱ्या आठवड्यापासून प्रथिनं १६ ते १८ टक्क्यांवर आणावीत. भरपूर जड खाद्यावर पिल्लू फार वेगाने वाढलं तर पंखाचं टोक बाहेर वळतं आणि तसंच राहतं. शिळा पाव आणि चपाती याच कारणासाठी टाळावी. बारीक चिरलेला पाला आणि अझोला ही पाण्यावर तरंगणारी वनस्पती पिल्लं आवडीने खातात, सोबत थोडी जाड वाळू ठेवावी.

रात्री बारीक जाळीचं, कडी लागणारं खुराडं लागतंच. घूस आणि मुंगूस बोटभर फटीतून वाट काढतात, दिवसा घार आणि बोका. रानबदकं, बगळे उतरतात त्या तळ्यावर पिल्लं सोडू नयेत. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा कोंबड्या सरसकट मारून टाकाव्या लागल्या, आणि बदकं कधीकधी काहीच लक्षण न दाखवता तो आजार वाहून नेतात. अचानक एकापेक्षा जास्त पक्षी मेले तर मेलेले न हाताळता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. बदकांच्या कॉलऱ्याची लस साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि प्लेगची आठव्या ते बाराव्या आठवड्यात देतात. ती कधी मिळेल हे दवाखान्यात आधीच विचारून ठेवावं, कारण कुपी बहुधा बऱ्याच पक्ष्यांची असते आणि शेजारच्यांसोबत मिळून आणावी लागते.

सहाव्या-सातव्या आठवड्यात आवाज फुटतो. मोठ्याने, स्पष्ट क्वॅक-क्वॅक करते ती मादी, घसा बसल्यासारखा दबका आवाज काढतो तो नर. मस्कोव्हीला ही खूण लागू नाही. पुढे नराच्या शेपटीवर वर वळलेलं पीस येतं, मग शंका राहत नाही. नर निम्म्याच्या आसपास निघतात आणि सगळे एकत्र ठेवले तर माद्यांच्या मानेची पिसं उपटली जातात. म्हणून पाच-सहा माद्यांमागे एक नर ठेवून बाकीचे वेगळे करावेत, आणि हे काम माद्या अंडी घालायला लागण्याआधी उरकावं.